काळीत बांधलेली घरे

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज बियाण्यावर बोलायचे नाही, घरावर बोलायचे आहे. २०१०-११ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ३,००० रुपये होता आणि बाजारात भाव ७,००० पर्यंत चढला. कापूसपट्ट्यात गावोगावी सिमेंट उतरले. ज्यांनी जन्मभर धाब्याची गळती झेलली त्यांनी स्लॅब टाकला. शहरातल्याने घर बांधले तर ती प्रगती आणि शेतकऱ्याने बांधले तर उधळपट्टी, असे म्हणणाऱ्या पंडितांशी आमचे बोलणे नाही. पण आज इतक्या वर्षांनी त्या घरांत जाऊन बसले की जे दिसते ते आपसात तरी बोलले पाहिजे.

घरातल्या बायकांना विचारले तर एकही म्हणत नाही की जुने घर बरे होते. दर पावसाळ्याआधी माती चढवणे सुटले, लिंपण सुटले, विंचवाची भीती कमी झाली. स्लॅबवर तूर वाळते, ज्वारीची कणसे पसरता येतात. उन्हाळ्यात मात्र दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खाली आग ओततो आणि सगळे घर अंगणात झोपते. घर चांगले की वाईट हा प्रश्नच नाही. घर कशावर उभे आहे, पैशाच्या आणि मातीच्या, ते पाहू.

आधी पैसा. पाच एकर कोरडवाहू, एकरी चार क्विंटल धरा, म्हणजे वीस क्विंटल. ७,००० च्या भावाने १,४०,००० रुपये. घराचा अंदाज तीन लाख. बियाणे, खत, वेचणी काहीही वजा न करता सगळी रक्कम घरात घातली तरी १,६०,००० कमी पडतात. ते सावकाराकडून महिना शेकडा तीनने आणले तर वर्षाचे नुसते व्याज ५७,६०० रुपये. पुढच्या हंगामात भाव ४,००० च्या आसपास आला. त्याच वीस क्विंटलचे ८०,००० नव्हे, तर व्याज जाऊन हाती २२,४०० राहिले. त्यात पेरा करायचा, खायचे, पोरांची फी भरायची. म्हणून कितीतरी घरांना अजून गिलावा नाही. ‘वरचा मजला पुढे काढू’ म्हणून सोडलेल्या सळया गंजून गेल्या.

दुसरी गोष्ट याहून वाईट. २०२२ साली कापूस दहा हजारांच्या वर गेला होता, म्हणून २०२२-२३ मध्ये लोकांनी कापूस घरात भरून ठेवला. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस आणि माणसे अंग खाजवत ओसरीवर. तेव्हा भाव वाढला नाही हे खरे. पण थांबायचे की विकायचे हे ठरवण्याची मोकळीकच ज्याच्यावर घराचे देणे आहे त्याला नसते. तो पहिल्या वेचणीचा कापूस मिळेल त्या भावाने घालतो.

आता माती, आणि हा विषय आम्ही कॉलेजात शिकलो तो आहे. आपल्या भाषेत काळी आणि पांढरी असे दोन शब्द आहेत. पीक काळीत, गावठाण पांढरीवर. नवी घरे रस्त्याच्या कडेने, सोयीची म्हणून काळीत उतरली. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात शेतात ज्या भेगांत हात जातो, त्याच भेगा जोत्याखाली पडतात. खोल काळीत ही हालचाल साडेतीन मीटरपर्यंत धरतात आणि आपला पाया असतो तीन-चार फूट. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, दार चौकटीत अडकते. लोक गवंड्याला शिव्या देतात. सिमेंट भरले तरी पुढच्या वैशाखात भेग परत हजर. न्हाणीचे पाणी भिंतीलगत मुरत असेल आणि दुसऱ्या बाजूला मोठे झाड ओल ओढत असेल, तर एक कोपरा वर, एक खाली.

मापाचीही एक गोष्ट आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली. घराचे माप जमिनीवरून ठरले: २५०, ४५० किंवा ७५० चौरस फूट. घरे मजबूत, रस्ते सरळ. पण गोठा, कडबा, चूल यांना जागा नव्हती. लोकांनी शेजारी पत्र्याच्या शेडा जोडल्या. काहींनी तर परत दगड-मातीच्याच भिंती घातल्या, ज्या भिंतींनी माणसे मारली होती. २०१६ च्या आवास योजनेतही किमान माप २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. माणसे मावतात. मग ज्वारीची पोती खाटेखाली आणि फवारणीचे औषध लेकरांच्या उशाशी. औषधाला घराबाहेर कुलपाची पेटी आजच करा, त्याला स्लॅबची वाट पाहू नका.

ज्यांना बांधायचे आहे त्यांच्यासाठी. मे महिन्यात जागेवर मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या. सहा-सात फुटांत मुरूम लागला तर पाया त्यावरच न्या आणि जोत्याला सळईचा पट्टा घाला. लागला नाही तर जागा बदला, नाहीतर इंजिनियरला विचारल्याशिवाय हात घालू नका. न्हाणीचे पाणी भिंतीपासून लांब काढा. आधी गोठ्याची आणि कडब्याची जागा आखा, मग खोल्या. गावठाणातल्या घराला कागद नव्हता म्हणून बँक दारात उभी करत नसे; २०२० पासून स्वामित्व योजनेत मालमत्तापत्रके निघत आहेत. आपले निघाले का ते ग्रामपंचायतीत पाहा, आणि त्यावर घरातल्या बाईचे नाव आहे का तेही पाहा. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्याकडे मुरूम किती फुटांवर लागतो ते लिहून आणावे. जिल्ह्याची यादी आम्ही याच अंकात छापू.