साथीला बसलेली माणसं



खाडीवर पूल नव्हता तेव्हा आंजर्ल्यात येणारी प्रत्येक गोष्ट होडीतून यायची. मिठाची गोणी यायची, नवी नवरी यायची, आणि माघी उत्सवाच्या दोन दिवस आधी पायपेटी यायची. ती उतरवायला चार गडी गुडघाभर पाण्यात उभे राहायचे. खारं पाणी उडू नये म्हणून तिला ताडपत्रीत गुंडाळलेलं असायचं. नाटकातली माणसं मात्र मागच्या होडीतून भिजत यायची, त्यांना कुणी हातसुद्धा देत नसे. गाण्यात कोण महत्त्वाचं, याबद्दलचा माझा पहिला समज त्या किनाऱ्यावर झाला. तो चुकीचा आहे असं मला अजून वाटत नाही.

संयोजकांनी सुचवलं होतं की अध्यक्षांनी आपल्या आवडत्या गायकांविषयी बोलावं. यादी सांगायला वेळ लागणार नाही. कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, वसंतराव देशपांडे, किशोरीताई. ही तुमचीही यादी असेल, थोडा क्रम बदलेल. त्यांच्यावर इतकं लिहून झालंय की मी नवं काय सांगणार? त्यामुळे आज मी त्यांच्या बाजूला बसलेल्यांविषयी बोलणार आहे.

याला कारण माझीच एक चूक. तिशीत असताना मी एका मासिकासाठी मैफलीवर लेख लिहिला. गायकावर चार पानं, आणि शेवटी एक वाक्य: ‘साथ समर्पक होती.’ लेख छापून आला. तो मी आमच्या गावच्या पेटीवाल्या मास्तरांना मोठ्या हौसेनं दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, घडी घालून परत दिला आणि विचारलं, “पेटीवर कोण होतं रे?” मला नाव आठवेना. मास्तर काही बोलले नाहीत. सुपारी कातरत बसले.

हे मास्तर म्हणजे उत्सवाच्या नाटकाचा कणा. एका वर्षी ‘सौभद्रा’त आमच्या सुभद्रेचा, म्हणजे दिवसा पोस्टात काम करणाऱ्या एका पोराचा, अंतरा पार विसरला गेला. मास्तरांनी मुखडा पुन्हा धरला, मग आणखी एकदा, मग त्यात अशा काही जागा घेतल्या की लोकांना वाटलं हे असंच बसवलंय. तोवर सुभद्रेला शब्द सापडले. वन्समोअर मिळाला, तोही सुभद्रेला.

घरी ओटीवर रेडिओ होता. त्यावरचं गाणं ऐकताना मला नेहमी एक कोडं पडायचं. एवढे मोठे गवई, आणि यांच्याकडे पेटी कशी नाही? मला खरंच वाटायचं की ते गरीब असणार. पुढे कळलं की 1940 च्या मार्चपासून आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली होती. पेटीचे सूर ठोकून बसवलेले, तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, हा आक्षेप. तो शास्त्र म्हणून खोटा नाही. रवींद्रनाथांनाही पेटी आवडत नसे. पण बंदी तीसेक वर्षं टिकली, आणि त्या सगळ्या काळात महाराष्ट्रातलं नाटक, कीर्तन आणि कोकणातलं भजन पेटीवरच चाललं होतं. दिल्लीला जे वाद्य बेसूर वाटत होतं ते आमच्याकडे ताडपत्रीत गुंडाळून आणलं जात होतं.

आणि याच काळात आपल्या जिल्ह्यातला एक माणूस त्या ठोकीव सुरांतून काय काढता येतं ते दाखवत होता. दाभोळची खाडी ओलांडली की गुहागर तालुका, त्यातलं अडूर हे गोविंदराव पटवर्धनांचं गाव. जन्म 1925 चा. मुंबईत नोकरीला असताना मी संगीत नाटकांना जायचो, आणि काही दिवसांनी लक्षात आलं की मी रंगमंचाकडे कमी आणि त्यांच्या ऑर्गनकडे जास्त बघतोय. त्यांच्या पेटीतून पदाचे शब्द ऐकू येतात असं लोक म्हणत. ही अतिशयोक्ती नव्हे. शब्द कुठे तुटतो, श्वास कुठे येतो, हे त्यांच्या बोटांना ठाऊक असे. मींड निघत नाही म्हणतात तिथे ते असा काही भास निर्माण करत की कान फसायचा. आम्ही लेखक शब्दांचे मालक म्हणवतो. शब्द न उच्चारता तो पोचवणं आमच्यापैकी कितीजणांना जमलंय?

दुसरं नाव वसंत आचरेकर. आडनावातच मालवण तालुक्यातलं आचरे आहे. कुमारांना तबल्याची साथ म्हटली की ते. ठेका, बस्स. तबलजीला हात मोकळा सोडायचा मोह किती असतो ते तबला शिकलेल्यांना विचारा. तो मोह गिळून वर्षानुवर्षं ठेका तसाच स्वच्छ ठेवायचा, म्हणजे वर गाणाऱ्याला हवं तिथून उडी मारता येते. कुमारांचीच गोष्ट निघालीय म्हणून सांगतो. क्षयानं ते देवासला अंथरुणाला खिळले, काही वर्षं गाणं बंद होतं. तेव्हा त्यांची शुश्रूषा केली ती पत्नी भानुमतीताईंनी, ज्या स्वतः गायिका होत्या. पुढे दुसऱ्या पत्नी वसुंधराताईंनी मागे बसून त्यांना स्वरसाथ दिली. आपण कुमारांचं पुनरागमन म्हणतो. एकट्याचं होतं का ते?

हे गाण्यापुरतंच नाही. इथून खाडी ओलांडून किनाऱ्यानं गेलं की मुरुड. महर्षी कर्वे तिथे वाढले. परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि वय लहान दिसतं म्हणून परत पाठवले गेले, हे आपल्याकडे पोराटोरांना पाठ आहे. 1958 चं भारतरत्नही पाठ आहे. पण त्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या संस्थेसाठी पैसे जमवायला अमेरिकेत गेलेल्या, तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिलेल्या पार्वतीबाई आठवले याच जिल्ह्यातल्या, देवरुखच्या. केशवपन झालेली, इंग्रजी जेमतेम येणारी बाई. ‘माझी कहाणी’ हे त्यांचं आत्मचरित्र मराठीतल्या पहिल्या प्रतीच्या आत्मचरित्रांत बसतं असं माझं मत आहे. या मांडवात किती जणांनी ते वाचलंय, हात वर करा असं मी म्हणणार नाही. अध्यक्षांनी श्रोत्यांना लाजवू नये. मी स्वतः ते पन्नाशीनंतर वाचलं.

आमच्या साहित्यातही तेच. ‘मौज’चे राम पटवर्धन लेखकाच्या हस्तलिखितावर किती खपायचे, हे त्या लेखकांना माहीत. वाचकाला मुखपृष्ठावरचं नाव दिसतं. संपादक, मुद्रितशोधक, जुळारी यांच्याविषयी आपण फार तर ‘ऋणी आहे’ एवढं छापतो. ते ‘साथ समर्पक होती’चंच भावंड.

मास्तर गेले त्याला बरीच वर्षं झाली. परवा मी देवस्थानाच्या उत्सवाची जुनी हँडबिलं शोधत होतो. मिळाली ती सात. सातांवर नाटकाचं नाव ठळक, नटांची नावं, पडदे कुणाचे, गॅसबत्त्या कुणाच्या तेही. पेटीवाल्याचं नाव दोनांवर. एकावर तर तेही चुकीचं.

तर माझी एकच विनंती. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या फडताळात अशी हँडबिलं असतील, नाटकांच्या नकला असतील, तालमीच्या वह्या असतील. उद्या सकाळच्या कवितावाचनाला येताना घेऊन या. मी शाळेच्या व्हरांड्यात कोरी वही घेऊन बसेन. पेटीवर कोण होतं, तबल्यावर कोण होतं, प्रॉम्प्टिंग कुणी केलं, एवढंच सांगा. साल आठवत नसेल तरी चालेल. नाव तेवढं बरोबर सांगा.