शिफारस म्हणजे वशिला नव्हे

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. गणितात पीएचडी केली ती माझ्या धाकट्या बहिणीने. अणुऊर्जा विभागाच्या नॅशनल बोर्ड फॉर हायर मॅथेमॅटिक्सची पोस्टडॉक्टरल फेलोशिप तिला हवी होती. संशोधनाचा आराखडा तयार होता. अडलं ते शिफारसपत्रांपाशी. “एवढ्या मोठ्या माणसांना कसं विचारू?” म्हणता म्हणता मुदत टळली. वर्ष गेलं, घरात लग्नाचा विषय निघाला.

पुढच्या खेपेला तिने परिषदेत भेटलेल्या दोन प्राध्यापकांना दोन महिने आधीच आपला शोधनिबंध आणि आराखडा पाठवला. दोघांनीही आनंदाने होकार दिला.

शिफारस म्हणजे वशिला नव्हे. आपलं काम वाचलेल्या जाणकाराने दिलेली ती साक्ष असते. ती मागायला लाजू नका, आणि वेळेत मागा.