गाडी इथे, मिस्त्री तिथे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आणि विषयही त्यांनीच ठरवला. म्हणाले, "नोकरीचं सगळे सांगणारच आहेत. तू त्या जुन्या फियाटचं सांग. मुंबईच्या मिस्त्रीला फोनवर विचारून राधानगरीत गाडी कशी दुरुस्त करतोस, ते सांग." गाडी बाहेर लावली आहे. जेवणानंतर कुणाला बॉनेट उघडून बघायचं असेल त्यांनी जरूर बघावं. फक्त पांढऱ्या शर्टावर हात पुसू नका.

आधी गाडीची ओळख. आपण तिला फियाट म्हणतो, कागदावर ती १९७८ची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांची. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअर स्टिअरिंगला, ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. इटलीत फियाटने ११००-डी हे मॉडेल १९६२ ते १९६६ एवढंच काढलं. आपल्याकडे वालचंद हिराचंदांनी सुरू केलेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ला ते घेतलं आणि नाव बदलत बदलत २०००च्या आसपासपर्यंत चालवलं. म्हणजे जिथे गाडी जन्मली तिथे ती चार वर्षांत संपली आणि इथे पस्तीसएक वर्षं टिकली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुंबईत या गाडीची काळी-पिवळी टॅक्सी झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. पेपरात फोटो आले, लोक हळहळले. गाडी गेली त्याचं सगळ्यांनी लिहिलं. पण त्या गाड्यांवर चाळीस-चाळीस वर्षं हात काळे केलेले मिस्त्री घरी बसले, त्यांच्याबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. मला आज त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

आपल्याकडच्या गॅरेजात आता विशी-पंचविशीतली पोरं आहेत. हुशार आहेत. नव्या गाडीला स्कॅनर लावला की काय बिघडलंय ते पडद्यावर येतं. पण माझ्या गाडीला स्कॅनर लावायला जागाच नाही. डेल्को म्हणजे काय, पॉइंट घासायचा कसा, हे त्यांना कुणी दाखवलंच नाही. त्यात त्यांचा दोष नाही. माझा मामेभाऊ मुंबईत टॅक्सी चालवायचा. त्याने आपल्या जुन्या मिस्त्रींचा नंबर दिला. वय झालेलं, हात थरथरतो, गॅरेज बंद केलेलं. पण कान शाबूत आणि डोक्यात सगळी गाडी. गेली काही वर्षं मी पाना धरतो आणि ते मुंबईतून सांगतात.

एक उदाहरण सांगतो. गाडी दाजीपूरच्या चढाला लागली, चाळीसएक मिनिटं चालली, की बंद पडायची. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. जणू काही झालंच नाही. गावातल्या तिघांनी तीन निदानं केली. एक म्हणाला पेट्रोलचा पंप बदला, दुसरा म्हणाला कार्ब्युरेटर खोला, तिसरा म्हणाला विकून टाका.

मिस्त्रींना फोन केला. त्यांनी औषध सांगितलंच नाही, उलट प्रश्न विचारले. "बंद पडताना आचके देते, की दिव्याचं बटन दाबल्यासारखी एकदम?" मी म्हणालो, एकदम. "मग बहुतेक करंट. पेट्रोल तुटलं तर गाडी आधी आचके देते. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. बंद पडेल तेव्हा तिथेच दोन गोष्टी बघा. एअर क्लीनर काढून ॲक्सिलरेटर दाबा, कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोलची पिचकारी पडते का. नंतर क्लीनर परत लावा, पेट्रोलचा वास जाऊ द्या आणि मगच लांब धरून सुटा प्लग इंजिनाच्या लोखंडाला टेकवा, कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी येते, पिवळी येते, की येतच नाही, ते मला सांगा."

दाजीपूरच्या जंगलात फोनला रेंज नसते हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणून मी प्रश्न कागदावर लिहून घेतले आणि पुतण्याला सोबत घेऊन गेलो. गाडी नेहमीच्या ठिकाणी थांबली. पिचकारी झकास. ठिणगी मात्र पिवळी, मरगळलेली, मधेच गायब. परत येऊन सांगितलं. ते म्हणाले, "कंडेन्सर. थंड असताना ठीक, तापला की आतून गळतो. आधी फक्त तोच बदला. बाकी कशाला हात लावू नका."

डेल्कोजवळचा तो करंगळीएवढा डबा. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी उडू नये आणि सगळा जोर प्लगला मिळावा, हे त्याचं काम. तो बदलला आणि गाडी त्याच चढावरून न थांबता वर गेली. मला वाटलं झालं. मिस्त्री म्हणाले, "आता अंगणात इंजिन तापवा आणि जुना परत लावून बघा." जुना लावला, इंजिन मेलं. "आता खात्री झाली. नाहीतर योगायोग समजा."

आपल्या विज्ञानाच्या सरांनी प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे चार रकाने करायला लावले होते. निरीक्षणाच्या आधी अनुमान लिहिलं की वही परत मिळायची. सर समोर बसलेत म्हणून सांगतो, मिस्त्री शाळेत फार शिकलेले नाहीत, पण तुमचे चारही रकाने त्यांना पाठ आहेत.

लांबून सल्ला घ्यायचा तर विचारणाऱ्याला आधी स्वतःचं काम करावं लागतं. "गाडी चालत नाही, काय करू" या प्रश्नाला जगातला कुठलाही जाणकार उत्तर देऊ शकत नाही. कधी, किती वेळाने, गरम की थंड, चढाला की उताराला, त्याआधी काय बदललं होतं, हे सगळं सांगावं लागतं. फोटो पाठवायचा तर दिवसाच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून, एक जवळून आणि एक लांबून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि वहीत तारीख घालून लिहायचं.

आवाजाची एक गंमत सांगतो. चालू कॉलवर इंजिनाचा आवाज ऐकवायला गेलो, तर मिस्त्री म्हणायचे काही ऐकू येत नाही. कारण हल्लीचे फोन बोलणं स्पष्ट यावं म्हणून मागची घरघर गाळून टाकतात, आणि मला नेमकी ती घरघरच ऐकवायची असते! त्यामुळे आवाज आधी रेकॉर्ड करायचा आणि मग पाठवायचा. टॅपेटची टिकटिक वेगळी, बेअरिंगची ठोक वेगळी. ते दोन मिनिटांत सांगतात.

आता सल्ला कुणाचा घ्यायचा? इंटरनेटवर परदेशातले जाणकार भरपूर आहेत, आणि भली माणसं आहेत. त्यांच्याकडून मला जुनी छापील मॅन्युअलं मिळाली, त्यातल्या आकृत्यांवरून मी इंजिन समजून घेतलं. पण मघाशी सांगितलं ते आठवा. ही गाडी जास्त वर्षं आपल्याकडे बनली, आपल्या धुळीत, आपल्या पावसात चालली. तिच्यात इथे काय काय बदललं, कुठला भाग कशाला चालतो, हे तूरीनपेक्षा मुंबईच्या मिस्त्र्यांना जास्त ठाऊक.

पेट्रोलचंही तसंच. आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. उसापासून बनतं, म्हणजे आपल्या जिल्ह्याला त्यात आनंदच आहे. पण जुन्या गाडीतले रबरी पाइप, पंपाचा पडदा, बुचाचं पॅकिंग हे त्यासाठी बनलेलं नव्हतं. इथेनॉल ते फुगवतं, कडक करतं, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर हवेतलं पाणीही ओढतं. परदेशातली जुनी पुस्तकं याबद्दल काही सांगत नाहीत. मिस्त्रींनी पहिल्याच महिन्यात सांगितलं, "टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा सगळा रबर नवा घाला, इथेनॉलला चालणारा. पेट्रोल गळून तापल्या इंजिनावर पडलं तर गाडीसकट घर जाईल."

फोनला मर्यादाही आहे. फोनवरून वास जात नाही. चाक हलवल्यावर हाताला जो खेळ जाणवतो तो पाठवता येत नाही. नट किती आवळला हे मनगटाला कळतं, व्हिडिओला कळत नाही. आणि काही कामं यंत्राशिवाय होतच नाहीत. पुढच्या चाकांचे किंगपिनचे बुश झिजले तेव्हा तयार मिळेनात. जुना बुश खिशात घालून कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो. तिथल्या लेथवाल्याने नमुना हातात घेऊन फिरवला, माप घेतलं आणि तसाच बनवून दिला. ऑइल इंजिनं आणि फाउंड्री यांवर वाढलेलं गाव आहे ते, लोखंड त्यांच्या बोटांना कळतं. शाही दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक येते, ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. अशी गाडी कुणाच्या तरी हातांनीच चालती राहते.

आणि ब्रेक. याबद्दल मी हट्टी आहे. माझ्या गाडीत ब्रेकची एकच लाइन आहे. नव्या गाड्यांत दोन असतात. एक फुटली तरी दुसरी थोडंफार धरते. इथे एका चाकाचा सिलिंडर गळला तरी चारही चाकांचा ब्रेक जातो, पेडल खाली जातं आणि समोर फोंडा घाट असतो. म्हणून मिस्त्रींचा आणि माझा करार आहे. इंजिन, वायरिंग, कार्ब्युरेटर फोनवर. ब्रेक आणि स्टिअरिंगचं काम मी उघडून बघेन, त्यांना फोटो पाठवीन, पण शेवटी कोल्हापूरचा एक जाणता फिटर प्रत्यक्ष हात लावून पास करील तेव्हाच गाडी रस्त्यावर येईल. हवा काढायलाही दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक चाकाशी. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. खाली भक्कम स्टँड हवेतच.

एक गोष्ट पैशाची. मिस्त्रींनी पहिल्यांदा पैसे घ्यायला नकार दिला. "मी कुठे काम केलं, मी तर बोललो." हे मला पटलं नाही. डॉक्टर बोलतो त्याचे पैसे आपण देतो. चाळीस वर्षांचं शहाणपण फुकट मागायचं आणि पार्टला मात्र मुकाट्याने पैसे मोजायचे, हे बरोबर नाही. आता महिन्याला ठरलेली रक्कम जाते. आणि काम झालं की निकाल कळवतो, चुकलं तरी आणि जमलं तरी. ते म्हणतात, पैशापेक्षा त्याचीच वाट बघतो.

गेल्या वर्षापासून मी आमची बोलणी त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करतो. आवाज, त्याचं निदान आणि मग काय निघालं, असं क्रमाने लावून ठेवतो. माझा पुतण्या आणि इथल्या गॅरेजमधली दोन पोरं ते ऐकतात. परवा त्यातल्या एकाने जुन्या जीपचं टायमिंग स्वतः लावलं आणि सुरू झाल्यावर पहिला फोन मुंबईला केला. माझ्याकडे एवढीच वही आहे. मिस्त्रींच्या वयाची अशी माणसं गावोगाव आहेत आणि दर वर्षी कमी होत आहेत.

आता तुमच्याकडे एक मागणं. आपल्या वर्गात एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला आहे, मोटारीचं वाइंडिंग करणारा आहे, भाताच्या जुन्या जाती सांभाळणारी मैत्रीण आहे, आकड्यांशी आयुष्यभर झटलेले आहेत. आपल्या बॅचच्या ग्रुपवर सकाळी फुलांचे फोटो येतात, येऊ देत. पण एक यादीही करू. कुणाला काय येतं आणि कुठल्या वारी, किती वाजता फोन केलेला चालेल. शाळेतल्या आजच्या मुलांना ती देऊ. यादीत पहिलं नाव मी घालतो: जुन्या पेट्रोल गाड्या, इंजिन आणि वायरिंग, रविवारी सकाळी दहा ते अकरा. ब्रेकसाठी फोन करू नका, गाडी घेऊन या.