चालू काम रद्द करण्याच्या साधनाचे वर्णन

अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत, कापडाच्या कारखान्यांच्या परिसरात जे औष्णिक वीज केंद्र उभे आहे, त्यात प्रत्येकी 270 मेगावॅटचे पाच संच असून त्यांची एकूण क्षमता 1350 मेगावॅट आहे. कोळशावर चालणाऱ्या कोणत्याही केंद्रात संच ‘ट्रिप’ झाला, म्हणजे संरक्षक यंत्रणेने तो एकाएकी बंद केला, असे म्हटले जाते तेव्हा भट्टीला होणारा इंधनाचा पुरवठा थांबलेला असतो. पुन्हा ज्योत पेटवण्यापूर्वी मात्र भट्टीत उरलेले ज्वालाग्राही वायू किमान पाच मिनिटे हवेच्या झोताने बाहेर घालवावे लागतात, नाहीतर स्फोटाचा धोका असतो. टर्बाइनचा तापलेला फिरता दांडा, ज्याला रोटर म्हणतात, तोही लगेच स्थिर ठेवता येत नाही. असमान थंड होऊन तो वाकू नये म्हणून ‘बॅरिंग गिअर’ या यंत्रणेने त्याला कित्येक तास संथ गतीने फिरवावे लागते, आणि तोवर बेअरिंगांना तेल पुरवणारे पंप चालू ठेवावे लागतात. संच बंद करण्याचा हा क्रम चालकांसाठी लिहून ठेवलेला असतो, आणि तो वाचणारा चालक लिखाणात काही राहून गेले असेल तर ते अनुभवाने भरून काढतो.

संगणकाच्या क्षेत्रात आज ज्याच्यासाठी असे लिखाण करायचे आहे त्या वाचकाला हा अनुभव नाही. एकामागून एक ठरलेल्या पायऱ्या माणसाच्या मदतीशिवाय पार पाडणाऱ्या कामाला ‘वर्कफ्लो’ म्हणतात, आणि दिलेले उद्दिष्ट गाठण्यासाठी कोणते साधन केव्हा वापरायचे हे स्वतः ठरवणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीला ‘एजंट’ म्हणतात. एजंट आणि बाहेरची साधने यांना जोडण्यासाठी अँथ्रोपिक या कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाचा खुला संकेत जाहीर केला. त्यात प्रत्येक साधनाला नाव आणि शब्दांत लिहिलेले वर्णन असते, आणि मुख्यतः त्याच्या आधारे एजंट निवड करतो. त्यामुळे चालू वर्कफ्लो रद्द करण्याच्या साधनाचे वर्णन हा त्या साधनाचाच एक भाग ठरतो, आणि ‘वर्कफ्लो रद्द करते’ एवढ्या एका ओळीत ते संपवले की साधन अपुरे राहते. असे संपवण्याची प्रथा दुर्दैवाने फार रूढ आहे.

काय लिहायला हवे, हे आज्ञावली साठवण्याच्या गिटहब या सेवेच्या उदाहरणावरून दिसते. तेथे वर्कफ्लो रद्द करण्याची विनंती पाठवली की उत्तरादाखल 202 हा क्रमांक येतो, आणि त्याचा अर्थ विनंती स्वीकारली गेली एवढाच असतो. काम थांबले असा नव्हे. त्यानंतर चालू पायरीच्या प्रक्रियेला प्रथम थांबण्याची सूचना दिली जाते, 7.5 सेकंद वाट पाहून अधिक कडक सूचना दिली जाते, आणखी 2.5 सेकंदांनंतर ती सक्तीने संपवली जाते. मात्र ज्या पायऱ्यांवर ‘काहीही झाले तरी चालवा’ अशी अट घातलेली असते त्या यानंतरही चालतात. ही अट बहुधा आवराआवरीच्या पायऱ्यांवर असते, त्यामुळे अटींना न जुमानता काम तोडणारी ‘सक्तीने रद्द’ ही वेगळी सोय आवराआवरीसुद्धा अर्धवट सोडू शकते. या दोन सोयी एजंटपुढे एकाच साधनाची दोन रूपे म्हणून ठेवणे धोक्याचे आहे. दुसरीच्या वर्णनात माणसाची संमती स्पष्टपणे मागितलेली असावी.

आज्ञा आणि प्रत्यक्ष थांबणे यांत अंतर असते, याचा अनुभव मुंबईने 5 ऑक्टोबर 2012 रोजी घेतला. राष्ट्रीय शेअर बाजारात विक्रीच्या चुकीच्या आदेशांमुळे निफ्टी निर्देशांक कोसळला, आणि 10 टक्क्यांच्या घसरणीला व्यवहार थांबणे अपेक्षित असताना ते प्रत्यक्षात थांबेपर्यंत घसरण 15 टक्क्यांच्या पुढे गेली होती.

याहून अवघड प्रश्न आहे तो थांबण्यापूर्वी होऊन गेलेल्या कामाचा. 2023 च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना राज्य शासनाने हेक्टरी 5000 रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, थेट बँक खात्यात देण्याची योजना राबवली. वऱ्हाडात ही दोन्ही पिके मोठ्या क्षेत्रावर घेतली जातात. अशी रक्कम जमा करणारा वर्कफ्लो एजंटने मध्येच रद्द केला, अशी कल्पना केली तर काही गावांच्या खात्यांत पैसे पोचलेले असतील आणि काहींच्या नाही. रद्द करण्याने जमा झालेले पैसे परत येत नाहीत, आणि तेच काम पहिल्यापासून पुन्हा चालवले तर आधीच्यांना दुबार रक्कम जाण्याची शक्यता उरते. म्हणून रद्द केल्याने झालेले उलटत नाही हे वाक्य वर्णनात ठळकपणे हवे, आणि कोणती पायरी पूर्ण झाली हे कोठे पाहायचे तेही त्यालगतच सांगितलेले हवे. तसेच एकाच वर्कफ्लोच्या दोन फेऱ्या एका वेळी चालू असू शकतात, तेव्हा नावावर विसंबून न राहता फेरीच्या क्रमांकानेच ती ओळखावी, आणि फेरी आधीच संपलेली असल्यामुळे विनंती नाकारली गेली तर ती पुन्हा पुन्हा पाठवू नये, हेही एजंटला शब्दांत सांगावे लागते.

वर उल्लेखिलेल्या संकेतात साधन विघातक आहे की नाही हे दर्शवणारी खूणही जोडता येते, परंतु संकेताच्या मसुद्यानुसारच ती केवळ सूचक असते आणि तिच्यावर सुरक्षिततेची भिस्त ठेवता येत नाही. अधिकाराचे बंधन साधनाच्या आज्ञावलीत घालावे लागते आणि परिणामांची जाणीव वर्णनातून द्यावी लागते. अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत अशी साधने घडवणाऱ्या विद्यार्थ्यांनी आज्ञावलीची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी, काम रद्द झाल्यावर मागे काय उरेल याचा परिच्छेद लिहून काढावा, आणि तो लिहिता येत नसेल तर ते साधन एजंटच्या हाती देऊ नये.