द्राक्षांच्या वाटेनें : मैंदर्गी ते अकलूज

फ्रान्स देशांत द्राक्षमळे पाहावयास निघण्याची एक सुटसुटीत रीत अलीकडे रूढ झाली आहे. मोटारगाडीच्याच पोटांत बिछाना, चूल व पाण्याची टाकी बसविलेली असते. मागें विजेच्या दोन सायकली बांधलेल्या असतात. गाडी गांवाच्या कडेला उभी करावयाची आणि सायकलीवर बसून मळ्यामळ्यांतून हिंडावयाचें, असा हा प्रवास. अल्सास प्रांतांतील द्राक्षमार्ग १९५३ सालीं आंखला गेला व तो सुमारें १७० किलोमीटर लांब आहे. कित्येक बागायतदार अशा फिरत्या बिऱ्हाडाला आपल्या आवारांत एक रात्र विनामूल्य मुक्काम करूं देतात. सकाळीं निघतांना पाहुण्यानें एखादी बाटली विकत घ्यावी अशी आशा असते. सक्ती मात्र नसते.

बिऱ्हाड बरोबर घेऊन हिंडणें महाराष्ट्राला नवें नाहीं. आषाढीच्या सुमारास पंढरीची वाट धरणारी छपराची बैलगाडी हें अशाच प्रकारचें वाहन होतें; आज दिंडीमागें भांडीं, राहुट्या व शिधा घेऊन मालमोटारी चालतात. नवें आहे तें एवढेंच, कीं देवाच्या वाटेप्रमाणें द्राक्षांचीही वाट असूं शकते. सोलापूर जिल्ह्यांत ती वाट कोठून निघेल व कोठें जाईल, हें पाहण्यासारखें आहे.

मैंदर्गी हें अक्कलकोट तालुक्यांतील, दुधनीच्या रस्त्यावरील सीमेलगतचें गांव. कानडी व मराठी या दोन्ही भाषा येथें शेजारीं शेजारीं नांदतात. भोंवतालचा मुलूख ज्वारीचा व तुरीचा. द्राक्षांसाठीं याची ख्याति नाहीं. प्रवासाचा आरंभ येथून करावा तो याचसाठीं. कोरडवाहू रानांतून निघालेल्या माणसालाच पुढें दिसणाऱ्या हिरव्या मांडवाची खरी किंमत कळते. जिल्ह्याचें सरासरी पर्जन्यमान अवघें सुमारें साडेपांचशें मिलिमीटर. फ्रान्समधील बोर्दो शहरीं तें नऊशेंच्या आसपास असतें. येथील प्रत्येक घडामागें विहिरीचें, तलावाचें किंवा कालव्याचें पाणी ठिबकनळीनें मोजून दिलेलें असतें.

अक्कलकोट व सोलापूर मागें टाकून उत्तरेस वळलें म्हणजे नान्नज लागतें. माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यामुळें हें नांव पक्षिप्रेमी लोकांस ठाऊक आहे. परंतु बागायतदारांच्या जगांत नान्नजची कीर्ति निराळी आहे. येथील नानासाहेब काळे यांनीं थॉम्पसन या बिनबियांच्या जातींतून लांबट मण्यांची वेल हेरली व तिच्यापासून ‘सोनाका’ ही जात सिद्ध केली. काळ्या मण्यांची ‘शरद सीडलेस’ ही जातही नान्नजचीच. सांगली जिल्ह्यांत बोरगांवच्या वसंतराव आर्वे यांनीं ‘तास-ए-गणेश’ अशीच निवडीनें मिळविली. प्रयोगशाळेंत न जातां, रोज वेलीखालीं उभें राहून, एक फांदी इतर फांद्यांहून वेगळी आहे हें ओळखणारी ही दृष्टि. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ सालीं स्थापन झालें, त्याच्या कितीतरी आधीं ही दृष्टि शेतांत काम करीत होती.

फ्रान्सचा मळा व सोलापूरचा मळा यांत मुख्य भेद ऋतूंचा आहे. तिकडे हिंवाळ्यांत वेल झोपते. छाटणी वर्षांतून एकदां होते आणि घड शरदांत उतरतात. इकडे वेलीला झोपविणारी थंडीच नाहीं. म्हणून येथील शेतकरी वर्षांतून दोनदां छाटणी करतो : एप्रिलच्या सुमारास खरडछाटणी, तीमुळें काडी तयार होते, आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, तीमुळें घड लागतात. तोडणी साधारणपणें जानेवारी ते मार्चमध्यें. दोनदां कात्री चालवून एकदां पीक मिळतें.

परंतु एका गोष्टींत दोन्हीं देशांचें नातें जडलेलें आहे, आणि तें मातीखालीं आहे. १८६० नंतर फ्रान्समध्यें फायलोक्सेरा नांवाच्या किडीनें वेलींचीं मुळें खाऊन लक्षावधि एकर मळे उजाड केले. अखेर त्या किडीस दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटांवर फ्रेंच वेलींचें कलम बांधून तो धंदा वांचविला गेला. महाराष्ट्रांत शेतकऱ्यांनीं ‘डॉगरिज’ हा अमेरिकन खुंटच पत्करला, पण कारण निराळें : क्षारट जमीन व पाण्याची टंचाई. किडीशीं झुंजण्यासाठीं तिकडे, दुष्काळाशीं झुंजण्यासाठीं इकडे.

नान्नजहून पंढरपूरकडे वळलें कीं वाटेंत बेदाण्याचीं शेडें दिसूं लागतात. घड पोटॅशियम कार्बोनेट व तेलाच्या द्रावणांत बुडवून सावलींत जाळीवर पसरतात. पंधराएक दिवसांत बेदाणा तयार होतो. पुढें माळशिरस तालुक्यांत अकलूज. इटलींतील, दिल्लींतील व अकलूजच्या मोहिते-पाटील घराण्यांतील बंधु मिळून २००७ सालीं ‘फ्रातेल्ली’ ही वाइन कंपनी उभी राहिली. इटालियन भाषेंत या शब्दाचा अर्थच ‘बंधु’. खाण्याच्या द्राक्षाहून वाइनचें द्राक्ष लहान, जाड सालीचें व बियांचें असतें.

हा सगळा व्यवहार दिसतो तसा गोजिरवाणा नाहीं. घड पिकत आले असतां अवकाळी पाऊस पडला तर मणी तडकतात, आणि वर्षाचे कष्ट एका रात्रींत मातीमोल होतात. वाइनचीही तीच गत. २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी घटली, तेव्हां नाशिककडील अनेक बागायतदारांनीं वाइनच्या वेली उपटून टाकल्या. अशा वेळीं माल एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून नसणें यांतच शेतकऱ्याची सुरक्षितता आहे. बागेंत येऊन पाटी-दोन पाटी द्राक्षें, किलोभर बेदाणा विकत घेणारा पाहुणा बाजारभाव फिरवूं शकत नाहीं. पण पडत्या भावाच्या वर्षीं त्याचे रोख पैसे उपयोगीं पडतात.

महाराष्ट्र शासनानें कृषि-पर्यटनाचें धोरण २०२० सालीं व फिरत्या घरांच्या पर्यटनाचें धोरण २०२१ सालीं स्वीकारलें. २५० वॅटपर्यंतच्या मोटरची, ताशीं २५ किलोमीटरपर्यंत धांवणारी सायकल चालविण्यास परवाना लागत नाहीं. साधनें आहेत. पथ्यें दोन. जो चाखील त्यानें त्या दिवशीं चाक हातीं धरूं नये, मग तें मोटारीचें असो वा सायकलीचें. आणि बागेच्या मालकाची परवानगी घेतल्यावांचून मांडवाखालीं पाऊल टाकूं नये, कारण फवारणीच्या दिवशीं तेथें जाणें अपायकारक असतें.

प्रवास संपून गाडी पुन्हां मैंदर्गीस येते, तेव्हां तीच ज्वारी, तीच तूर दिसते. पण तिच्याकडे पाहण्याची नजर बदललेली असते. द्राक्ष हें पैशाचें पीक आहे, तसेंच पाण्याचें कर्जही आहे. ज्या गांवाजवळ तें कर्ज फेडण्याइतकें पाणी नाहीं, त्यानें ज्वारीस जपावें यांत कमीपणा नाहीं. बिऱ्हाड घेऊन निघालेल्या पाहुण्याला हुरड्याच्या दिवसांत येथेंही एक रात्र मुक्कामास जागा मिळाली, तर द्राक्षांची वाट ज्वारीच्या बांधापर्यंत येऊन पोंचली असें खुशाल म्हणावें.