तेवीस मिनिटांची ध्वनिफीत



१६ जून १९७८ रोजी ब्रुसेल्स येथे एल्विस कॉस्टेलो या इंग्रज गायकाचा कार्यक्रम होता. त्याच्या आधी न्यूयॉर्कचे दोघे कलावंत रंगमंचावर आले. ॲलन व्हेगा हे गायक आणि मार्टिन रेव्ह हे वादक. ना गिटार, ना ढोल. विजेवरचा एक साधा ऑर्गन आणि ठेका धरणारे एक यंत्र, एवढाच सरंजाम. जोडीचे नाव ‘सुइसाइड’, म्हणजे आत्महत्या. श्रोत्यांनी हुर्यो उडविली, ध्वनिक्षेपकही हिसकावून घेतला, आणि अवघ्या तेवीस मिनिटांत सारे आटोपले.

त्या श्रोत्यांना अरसिक म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. ते आले होते दुसऱ्याच गायकासाठी, आणि कानी पडत होता एकाच ठेक्याचा अखंड घोष. मात्र या साऱ्या गदारोळाचे ध्वनिमुद्रण एका कॅसेटवर झाले. त्यात गाणे आहे, तसाच धिक्कारही आहे. पुढे तेच मुद्रण प्रसिद्ध झाले आणि अपमानाचाच दस्तऐवज झाला.

ही जोडी १९७० मध्ये जमली. पहिली ध्वनिमुद्रिका निघाली ती १९७७ मध्ये. तीतील ‘फ्रँकी टियरड्रॉप’ हे गीत दहा मिनिटांहून दीर्घ आहे. कारखान्यात राबूनही ज्याचे पोट भरत नाही असा तरुण कामगार बायकोमुलाचा आणि स्वतःचा अंत करतो, ही त्याची कथा. व्हेगांची किंकाळी ऐकताना अंगावर काटा उभा राहतो. १९८१ मध्ये या जोडीचा ‘हाफ अलाइव्ह’ हा संग्रह न्यूयॉर्कच्या एका कंपनीने कॅसेटच्याच रूपात काढला.

कॅसेटचा आवाज फारसा शुद्ध नसे. फितीची खरखर मागे चालूच राही. परंतु ती स्वस्त होती, खिशात मावणारी होती, आणि तिची प्रत कोणालाही घरी करता येई. आपल्याकडेही कीर्तने आणि नाट्यपदे घरोघरी पोहोचली ती याच फितीवरून. १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन या विख्यात अमेरिकन गायकाने चार पदरी कॅसेट-यंत्रावर घरीच ‘नेब्रास्का’ची गीते मुद्रित केली. तीतील ‘स्टेट ट्रूपर’मधला आक्रोश ‘सुइसाइड’चा ऋणी आहे, हे त्याने मोकळेपणाने सांगितले. २००५ मध्ये तर याच जोडीचे ‘ड्रीम बेबी ड्रीम’ हे गीत तो आपल्या मैफलींच्या अखेरीस गात असे. व्हेगा २०१६ मध्ये निवर्तले.

रसिकतेचा निवाडा एका संध्याकाळी होत नसतो. तो व्हायला कधी पाव शतकही लागते. तोवर पुरावा कोणीतरी सांभाळावा लागतो. ज्या पुस्तकाची पाने वर्षानुवर्षे कोणी उलटली नाहीत, तेही कपाटात जपून ठेवणाऱ्या ग्रंथालयाला हे निराळे सांगावयास नको.