मनमाडची रेल्वे वस्ती



गेल्या उन्हाळ्यात आपल्यापैकी काही कुटुंबे मुलांना घेऊन स्विंडनला गेली होती. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० च्या दशकात कामगारांसाठी बांधलेली दगडी घरे तेथे अजून जपलेली आहेत. १९८६ साली बंद झालेल्या कारखान्याच्या जुन्या इमारतीत संग्रहालय आहे. ते पाहून एका मुलीने आम्हांस विचारले, "तुमचेही घर रेल्वेचेच होते ना? ते कोठे आहे?" त्या वेळी आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आजचे भाषण हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

आमचे घर मनमाडला होते. मुंबईपासून सुमारे २६० किलोमीटरवर, भुसावळच्या मुख्य मार्गावर हे गाव आहे. तेथून एक फाटा दौंडला जातो आणि दुसरा मराठवाड्यात. रेल्वे आली नसती तर मनमाडचे नाव तालुक्याबाहेर कोणी घेतले नसते. पाण्याचे दुर्भिक्ष्य तर गावाच्या पाचवीलाच पुजलेले. रेल्वेच्या पुलांसाठी लोखंडी तुळया घडवणारे वर्कशॉप तेथे आहे. आमचे वडील तेथे खलाशी होते. भोंगा झाला की अर्धी वस्ती घराबाहेर पडे. घरात घड्याळ नसले तरी कोणाचे अडत नसे.

आपली माणसे या वस्तीत का आली, हे मुलांना नीट सांगितले पाहिजे. गावात आपल्या पूर्वजांच्या वाट्याला वेठ होती, आणि श्रमाचा मोबदला म्हणून भाकरतुकडा. रेल्वेत रोख पगार होता आणि हजेरीपटावर स्वतःचे नाव होते. परंतु जातीने रुळांवरही पाठ सोडली नाही. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेवरील अस्पृश्य कामगारांची परिषद याच मनमाडला भरली. अध्यक्षपदावरून बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे एका जातीची सत्ता नव्हे, तर स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचा नकार, असा खुलासाही केला. त्याच भाषणात त्यांनी अगदी साधे उदाहरण दिले: पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचीही कामे करावी लागत, म्हणून अस्पृश्याला पोर्टरची जागा मिळत नसे. त्याच्या वाट्याला येई ती गँगमनची. ते पहिले वाक्य आपण प्रत्येक सभेत उद्धृत करतो, पोर्टरची गोष्ट मात्र विसरतो. आम्हांला ती अधिक मोलाची वाटते, कारण वस्तीतल्या वृद्धांना तीच तोंडपाठ होती.

आमचे क्वार्टर म्हणजे दीड खोली. पहाटे इंजिनाच्या राखेतून अर्धवट जळालेला कोळसा वेचून आई चूल पेटवी. आमचा अभ्यास फलाटावरील दिव्याखाली होई, कारण तो दिवा रात्रभर जळे आणि त्याचे बिल येत नसे. १४ ऑक्टोबर १९५६ ला रेल्वेच्या पासवर नागपूरला गेलेली माणसे परतली ती बौद्ध होऊन. आणि डिसेंबर लागला की दादरकडे जाणाऱ्या गाड्यांना पिठले-भाकरी पोचविण्यासाठी सारी वस्ती रात्र-रात्र फलाटावर उभी राही. कोणत्या डब्यात कोण आहे हे कोणी पाहत नसे. खिडकीतून हात आला की त्यावर भाकरी ठेवायची.

हे सर्व आठवताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. ते घर आमचे नव्हते. ८ ते २७ मे १९७४ या काळात देशभर रेल्वेचा संप झाला. अनेक ठिकाणी संपकऱ्यांच्या बायकामुलांना क्वार्टरांतून बाहेर काढण्यात आले. आमच्या आईने त्या दिवसांत भांडी बांधूनच ठेवली होती. आमच्यावर ती वेळ आली नाही. मात्र वडील निवृत्त झाले तेव्हा नियमाप्रमाणे क्वार्टर सोडावे लागलेच. वर्कशॉपचा पितळी बिल्ला परत केला, किल्ली परत केली. भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर सर्वांत शेवटी उतरविली. धुराने काळवंडलेल्या भिंतीवर दोन पांढरे चौकोन राहिले. नंतर तेथे आलेले कुटुंबही आपलेच होते. त्यांना नवे खिळे ठोकावे लागले नाहीत.

तेव्हा त्या मुलीला दाखविण्यासाठी आमच्याकडे दगडी घर नाही. या सभागृहात भुसावळ, दौंड, इगतपुरी, कल्याण, अजनी येथील क्वार्टरांत वाढलेले अनेकजण बसलेले आहेत. त्यांना विनंती आहे की पुढील स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपल्या वस्तीविषयी एक पान लिहून द्यावे. वडिलांचा हुद्दा, शेजारची नावे आणि आठवत असल्यास क्वार्टरचा क्रमांकही लिहावा.

जयभीम!